डोंगरातले पन्नास किलोमीटर पळायचे, तर तयारी उताराची करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय एक्केचाळीस, पुण्यात नोकरी, दोन मुलं. रस्त्यावरच्या दोन-तीन मॅरेथॉन झाल्या आहेत, त्यातली चांगली वेळ साडेचार तास. सिंहगड महिन्यातून एकदा होतो. येत्या डिसेंबरात सिंहगड–राजगड–तोरणा पट्ट्यातल्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत उतरायचंय. आठवड्याला किती किलोमीटर पळायला हवं, आणि गुडघे टिकतील का?

जमेल. जुलैच्या मध्यापासून लागलात तर चांगलं जमेल. फक्त किलोमीटर हे माप आधी बाजूला ठेवा. डोंगरात ते फसवं आहे. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, म्हणजे आयटीआरए, शर्यतीची मेहनत मोजताना अंतरात दर शंभर मीटर चढाईमागे एक किलोमीटर मिळवते. समजा तुमच्या शर्यतीत पन्नास किलोमीटरला २,५०० मीटर चढाई आहे, तर मेहनत झाली पंचाहत्तर किलोमीटरची. साडेचार तासांत मॅरेथॉन करणाऱ्या माणसाला त्यासाठी दहा ते अकरा तास धरावे लागतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, पाय बिचकत असेल तर आणखी जास्त. म्हणून आजपासून वहीत दोनच रकाने ठेवा: आठवड्यात पायांवर किती तास होतो, आणि किती मीटर चढलो-उतरलो. आयोजकांनी दिलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाचा डिजिटल नकाशा, उघडून खरा चढ किती आहे आणि प्रत्येक चौकीचा कटऑफ, म्हणजे तिथे पोहोचण्याची शेवटची वेळ, काय आहे, ते आधी पाहा. माझ्या अंदाजापेक्षा ते आकडे महत्त्वाचे.

हवा विरळ होण्याची चिंता इथे नाही. तोरणा १,४०३ मीटरवर आहे, बाकीचा मार्ग त्याच्या खालीच. सह्याद्रीचा कस लागतो तो पुन्हा पुन्हा वर जाण्यात आणि त्याहून जास्त खाली येण्यात. तुम्हाला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे ती ही: हौशी माणूस डोंगरी अल्ट्रात, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीत, चढावर हरत नाही, तो उतारावर आणि पोटात हरतो. मदत केंद्रावर उभं राहिलं की हे स्पष्ट दिसतं. तिसाव्या किलोमीटरनंतर शर्यत सोडणाऱ्यांचा दम क्वचितच संपलेला असतो. एक तर मांड्या भार घ्यायला नकार देतात, नाहीतर दोन तासांत पोटात काही टिकलेलं नसतं.

मांड्यांचं असं होण्याला कारण आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत ताकद लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन तोलून धरत असतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात तंतूंना सूक्ष्म इजा होते. श्वास फारसा लागत नाही, त्यामुळे नुकसान होतंय हे त्या वेळी कळतही नाही. चार तासांनी गुडघा अचानक दुमडायला लागतो आणि जिथे वेळ भरून काढायची असते त्या उतारावर माणूस आडवा चालत खाली येतो.

यातली दिलासा देणारी बाब म्हणजे स्नायू हे फार लवकर शिकतो. एकदा जोरकस उतार झाला की पुढचे काही आठवडे तसल्याच उताराने कमी इजा होते. व्यायामशास्त्रात हा परिणाम चांगला प्रस्थापित आहे. म्हणूनच पुण्यातल्या पुष्कळ पळणाऱ्यांची एक सवय मला फार खटकते: रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड जोरात चढायचा, घड्याळात वेळ बघायची, वर दही-भजी खायची आणि गुडघे वाचवायचे म्हणून जीपने खाली यायचं. मॅरेथॉनवाल्याला ते चालेल. तुम्हाला नाही. गड आरामात चढा, बोलता येईल इतक्याच श्वासावर, आणि सगळं लक्ष खाली येण्यावर द्या. आतकरवाडीहून चढाई साधारण सहाशे मीटरची आहे, म्हणजे एका सकाळच्या दोन फेऱ्यांत बाराशे मीटर चढ आणि तितकाच उतार होतो. गर्दीच्या आधी, उजाडताना सुरुवात करा. वाटेत माणसं असतील तिथे पळत उतरायचं नाही.

उतरायचं कसं? पावलं आखूड आणि भरभर. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, टाच रोवतो, आणि नेमका तिथेच घसरतो. कमरेतून किंचित पुढे राहा, हात मोकळे बाजूला, नजर तीन-चार मीटर पुढे. पाय कुठे ठेवायचा हे डोळ्याने दोन पावलं आधी ठरलेलं असावं. सुट्या मुरमावर जागच्या जागी ब्रेक मारू नका. जमिनीत रुतलेले दगड शोधा, नाहीतर थोडं तिरकं होऊन पाय जरा घसरू द्या. डिसेंबरात वाळलेलं गवत वाटेवर आडवं पडलेलं असतं, त्याखाली मुरूम. ते कातळापेक्षा जास्त घसरवतं. आणि जिथे हात लावून उतरायचं तिथे पळण्याचा विचारही नको. राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरून धारेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारा टप्पा ट्रेकर म्हणून एकदा शांतपणे करून या, दिवसाउजेडी आणि माहितगार सोबत घेऊन. तुमच्या शर्यतीच्या मार्गात तो टप्पा येवो न येवो, तिथे पाय कसा टाकायचा हे कळलं की बाकीचा सह्याद्री सोपा जातो.

आता वेळापत्रक. इंटरनेटवरचे सोळा आठवड्यांचे तक्ते आपल्या ऋतूंना आणि सणांना धरून केलेले नसतात, त्यामुळे गणपतीतच ते मोडतात.

जुलै-ऑगस्टात गडांच्या वाटा शेवाळलेल्या असतात, दरडी येतात, काही ठिकाणी प्रवेशही बंद असतो. या काळात डोंगराचा हट्ट धरू नका. आठवड्यातून चार दिवस पळा, त्यातले तीन दिवस सावकाश आणि एक दिवस रस्त्याच्या चढावर, तीन-चार मिनिटांचे पाच-सहा जोरकस तुकडे. उरलेल्यांपैकी दोन दिवस अर्धा-अर्धा तास ताकदीसाठी. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू खाली टेकवायची, तीन मोजत. त्यासोबत एका पायावर टाच उचलणं, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठका), आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी काहीतरी. फक्त वेळ काढायचा म्हणून हे करू नका, वजन वाढवत न्या. इमारतीत राहत असाल तर जिना आहेच. बारा मजले म्हणजे छत्तीस मीटरच्या आसपास, दहा फेऱ्यांत साडेतीनशे मीटर होतात. खाली येताना लिफ्टने येऊ नका.

सप्टेंबरात वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, जी जवळ असेल ती धरा आणि तिथल्या दगडगोट्यांच्या वाटांवर फेऱ्या मारा. मुंबईत असणाऱ्यांना येऊर किंवा बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वराचा घाट, कोल्हापुरात जोतिबाचा डोंगर. नवरात्रात उपास करत असाल तर त्या नऊ दिवसांत लांब पळणं ठेवू नका, हलकं ठेवा. ऑक्टोबरचं ऊन मात्र चुकवू नका. आठवड्यातून एकदोनदा मुद्दाम सकाळी नऊच्या पुढे तासभर सावकाश पळा. हळूहळू शरीर घाम लवकर आणि जास्त गाळायला शिकतं, रक्तातला द्रव वाढतो, त्याच उन्हात नाडी खाली राहते. डिसेंबरात पहाटे थंडी असली तरी दुपारी उघड्या धारेवर सावली शून्य असते, तिथे याचा उपयोग होतो. शर्यत डिसेंबरच्या मध्यात असेल तर नोव्हेंबरात असा एखादा सौम्य तास अधूनमधून चालू ठेवा, कारण ही सवय दोन-तीन आठवड्यांत ओसरायला लागते.

मोठं काम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचं. तुमच्यासारख्याला आठवड्याला आठ-नऊ तास आणि पंधराशे ते अठराशे मीटर चढाई हे शिखर पुरेसं आहे. किलोमीटरात ते कदाचित पंचावन्नच दिसतील आणि कमी वाटतील, वाटू द्या. एकाआड एक शनिवार-रविवार जोडून करा: शनिवारी सिंहगडाच्या दोन फेऱ्या, रविवारी थकल्या पायांनी टेकडीवर दोन-अडीच तास. सलग सर्वात लांब दिवस सहा तासांचा, त्यापुढे नको. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग त्यासाठी उत्तम आहे. टेकड्या एकामागून एक येत राहतात, आणि डोक्यालाही न कंटाळता चढ-उतार करत राहण्याची सवय लागते. वाट चुकण्याची जागा आहे, एकट्याने जाऊ नका. दर चौथा आठवडा निम्म्यावर आणा. दिवाळी आली की ती तो हलका आठवडा समजा. घरच्यांनाही तुम्ही घरी हवे असता, आणि फराळ सोडण्याची काही गरज नाही.

शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी. त्यानंतर स्नायूंना आलेलं संरक्षण टिकून असतं आणि दुखणं मात्र विरलेलं असतं. शेवटच्या आठवड्यात जोराचा उतार अजिबात नको.

पोटाकडे येऊ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच लोक सर्वात कमी सराव करतात. दहा तासांच्या कामासाठी यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर पुरत नाही. तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं आत जायला हवीत. एवढं पळताना पचवणं हे आतड्याला शिकवावं लागतं. सप्टेंबरात तासाला तीस ग्रॅमपासून सुरू करा, दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवा. एका जेलमध्ये (पळताना चोखायच्या गोड पाकाच्या पुडीत) साधारण बावीस ते पंचवीस ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात जवळपास तितकेच, मध्यम उकडलेल्या बटाट्यात पंचवीसच्या पुढे. चार तासांनंतर गोडाची शिसारी येते, म्हणून खारट काहीतरी हवंच: मीठ लावलेला बटाटा, लिंबू पिळलेला मऊ भात, मिठाचं पाणी. राजगिऱ्याची चिक्की चांगली. शेंगदाण्याची चिक्की आणि चिवडा जपून, तेलाचा अंश पोटात रेंगाळतो आणि चढावर मळमळतं. काहींना गुळपोळीचे तुकडे उत्तम चालतात. तुमचं काय ते रविवारच्या फेऱ्यांत ठरवा. शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालायचं नाही.

खाण्याचं घड्याळ लावा, दर पंचवीस मिनिटांनी एक घास. भूक लागण्याची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो. लांब चढ सुरू होताना खा, उतार सुरू होताना नाही. चढावर तुम्ही चालतच असता, हात मोकळे असतात आणि पोट हादरत नाही.

पाण्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकाल. तहान लागेल तसं प्या. तुमचा घाम किती जातो ते मोजणं सोपं आहे: तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, जितके किलो कमी तितके लिटर, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. पण तो सगळा घाम जागच्या जागी भरून काढायच्या मागे लागू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटी तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम सामान्य पातळीखाली निघालं, आणि त्याच्याशी सर्वात जवळचा संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याचा. बोटं सुजून अंगठी घट्ट होत असेल, डोकं दुखत असेल, पोटात पाणी खळबळत असेल तर आणखी पाणी हा उपाय नाही. ओआरएसबद्दल एक लक्षात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातल्या एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं. मीठ मिळतं, ऊर्जा जवळपास नाही. दोन बाटल्या ठेवा, एकीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी, आणि खाणं वेगळं.

वेदनाशामक गोळी खिशात ठेवू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्यांची मिश्रणं (आपल्याकडे घराघरात असणारी कॉम्बिफ्लॅम त्यातलीच) मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि दहा तास उन्हात पळणाऱ्याचं मूत्रपिंड आधीच ताणाखाली असतं. ऐंशी किलोमीटरच्या शर्यतींत केलेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे: आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम दिसला, औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी गोळी घेतलेल्यांमध्ये ३४ टक्क्यांच्या. दुखणं गोळीने दाबून उतरावं लागत असेल तर पुढच्या चौकीवर थांबा.

सामानात फार पैसे घालू नका, पण बुटांवर घाला. तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात, पुढे बोटांना अंगठाभर जागा, कारण उतारावर नखं पुढे आदळून काळी पडतात. नखं चार दिवस आधी कापा. मांड्यांच्या आतून, काखेत आणि व्हेस्टच्या, म्हणजे पाणी-सामान ठेवायच्या पाठपिशवीच्या, पट्ट्याखाली व्हॅसलीन. हेडटॉर्च चार्ज केलेला, शिट्टी, क्रेप बँडेज, पातळ विंडचीटर, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट. आयोजकांच्या अनिवार्य यादीतलं काहीही घरी ठेवू नका. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक थंड पाऊस, गारा आणि वारा आला आणि २१ धावपटू गारठून मरण पावले. सह्याद्रीत तसली थंडी नसते, पण अवेळी पावसात भिजून, मुरगळलेल्या पायाने धारेवर दोन तास मदतीची वाट पाहणं इथेही होऊ शकतं. काठ्या लांब चढावर खरंच मदत करतात, मात्र कातळटप्प्यावर हातात नकोत. घडी करून पाठीला लावायची सवय असेल आणि नियमात बसत असेल तरच घ्या. अत्तर, डिओडरंट लावू नका. गडांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वासाने ती चवताळतात.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या चढावर तुम्हाला खूप लोक मागे टाकतील. टाकू द्या. चढ उभा झाला की चाला, हात मांड्यांवर, पाठ सरळ, नाकाने श्वास घेता येईल इतपतच. तिथे पळून जेमतेम काही मिनिटं वाचतात आणि त्याची किंमत पुढे तासाने मोजावी लागते. पहिला मोठा उतार ताब्यात ठेवून उतरा. पाय ताजे असतात, वेग सहज येतो, आणि नेमक्या याच उतारावर मांड्या खर्ची पडतात. मदत केंद्रावर शिरण्याआधी दोन बाटल्यांची झाकणं उघडा, काय घ्यायचं ते ठरवा, खुर्चीत बसू नका. पाच केंद्रांवर आठ-आठ मिनिटं गेली तर चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात कटऑफ चुकतो.

आता गुडघे. निरोगी गुडघ्यांना डोंगर हानी करतो याला आधार नाही. दुखतात ते बहुतेक वेळा वाढ अचानक केल्यामुळे आणि कंबर-मांडीचे स्नायू कमकुवत असल्यामुळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उतारावर टोचणारी वेदना आली तर ती ओढत नेऊ नका. दोन आठवडे उतार कमी करा, ताकदीचं काम चालू ठेवा, आणि तरीही राहिली तर फिजिओथेरपिस्टकडे जा. सूज, लचकल्यासारखा अडकणारा सांधा किंवा जुनी शस्त्रक्रिया असेल तर नाव नोंदवण्याआधीच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चाळिशी पार झालीय, त्यामुळे रक्तदाब, साखर, ईसीजी करून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा पळताना छातीत कधी दाटलं असेल तर स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला. हे सोडून बाकी सगळी तयारी करणारे लोक मी पाहतो, आणि मला ते अजिबात पटत नाही.

शंभर किलोमीटरचं आत्ता डोक्यात आणू नका. त्यात रात्र येते, झोप येते, दिव्याच्या उजेडात घसारा उतरावा लागतो. पन्नास नीट पार पडल्यावर एक वर्ष मध्ये जाऊ द्या.

शर्यतीनंतर दोन दिवस लघवीचा रंग बघत राहा. चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, किंवा लघवीच फारशी होत नसेल, तर स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडावर आलेलं असू शकतं. तेव्हा घरी पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि किती तास पळालात ते डॉक्टरांना सांगा. तसं काही नसेल तर पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर अर्धा-अर्धा तास, आणि जिना न लंगडता उतरता येईपर्यंत गड नाही.